दुखत होती नडगी, म्हणे आळस

धावायला शिकवणाऱ्यांचा मॅरेथॉनपटू एलिउड किपचोगेवर भारी जीव. 12 ऑक्टोबर 2019 रोजी व्हिएन्नात त्याने 42.195 किलोमीटर 1 तास 59 मिनिटे 40 सेकंदांत कापले, मग तुम्हाला घाट का जमू नये, हा प्रस्तुत लेखिकेच्या प्रशिक्षकांचा आवडता सवाल. तिथला रस्ता जवळपास सपाट होता आणि आळीपाळीने साथ द्यायला 41 पेसर होते, हे मात्र त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही.

तयारी साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनची होती. तिथे यवतेश्वरचा घाट आधी चढायचा, मग तोच उतरायचा. चढाला दम लागतो; उताराला प्रत्येक पावलाचा दणका पायांना बसतो. सरावात लेखिकेची उजवी नडगी दुखू लागली, तेव्हा प्रशिक्षकांनी निदान केलं: मनाची भीती. ‘कम्फर्ट झोन सोडा, बहाणे घरी ठेवून या,’ असं ग्रुपवर सगळ्यांदेखत लिहिलं. पुढच्या रविवारी बहाणे घरी राहिले, नडगी घाटात गेली.

अस्थिरोगतज्ज्ञांनी विचारलं, “नेमकं कुठे दुखतं?” तिने एक बोट टेकवलं आणि तिथेच त्यांचा चेहरा बदलला. नडगीच्या कडेने लांबवर ठणकत असेल तर बहुधा ‘शिन स्प्लिंट्स’. हाडावर बोटाएवढ्याच जागी दाबताच कळ येत असेल, तर स्ट्रेस फ्रॅक्चरची शंका घ्यायची. एक्स-रेत काही नव्हतं. सुरुवातीला बऱ्याचदा नसतंच. एमआरआयत भेग दिसली.

रिपोर्ट ग्रुपवर टाकला. प्रशिक्षकांकडून अंगठा आला. मग प्रश्न: ‘बूट कोणते होते?’ बूट त्यांनीच सुचवलेले.

दम काही आठवड्यांत वाढतो, हाड इतकं चटकन तयार होत नाही. नवा भार आला की आधी जुना भाग झिजतो, मग नवा भरतो. मधल्या काळात हाड कच्चं असतं. नेमक्या त्याच काळात छाती म्हणते, अजून पळ.

अशा वेळी कुणीतरी थांबवावं लागतं. 2006 मध्ये ओडिशात चार वर्षांच्या बुधिया सिंगला पुरी ते भुवनेश्वर 65 किलोमीटर धावायला लावलं. वैद्यकीय तपासणीनंतर सरकारने त्याच्या लांब धावांवर बंदी घातली. मोठ्या माणसांना अशी बंदी घालणारं कुणी नसतं.

तेव्हा स्वतःच घाला. अंतर आणि चढ एकाच आठवड्यात वाढवू नका. लंगडायला झालं किंवा रात्री पडल्यापडल्या ठणकलं, तर धावणं तिथेच बंद. संशोधक स्टीफन सायलर यांना अव्वल धावपटूंचा जवळपास 80 टक्के सराव हलकाच आढळला. हलका म्हणजे धावताना सलग बोलता येईल इतका. बायकांनी पाळी चुकू लागली तर डॉक्टरांना सांगावं, कारण हाडांचा तिच्याशी थेट संबंध आहे. लेखिकेच्या धावण्याच्या वर्गात पाळीबद्दल कुणी विचारलंच नव्हतं. पाणी प्या, झोप घ्या, हे सगळे सांगतातच.

आणि वर्षाचं शुल्क एकदम भरू नका. दुखापत झाल्यास परत मिळेल का, ते आधी लिहून घ्या. लेखिकेचे पैसे अजून आलेले नाहीत. नव्या तुकडीच्या जाहिरातीत मात्र घाट चढतानाचा तिचा फोटो झळकतोय. काढून टाका म्हणून कळवलं, तर त्यालाही अंगठाच.