थोड्या लाकडात पुरेशी ऊब

आपल्या मराठवाड्यात थंडीचे दिवस थोडे असतात, परंतु ते जाणवल्यावाचून राहत नाहीत. छत्रपती संभाजीनगर परिसरात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा १० ते १२ अंशांपर्यंत उतरतो. काही रात्री त्याच्याही खाली जातो. घर तापविण्यासाठी स्वतंत्र भट्टी बांधण्याची आपल्याकडे रीत नाही. आपली ऊब चुलीपाशी आणि अंघोळीच्या कढत पाण्यात असते. २०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाल्यानंतर पुष्कळ घरांत गॅस पोहोचला. तरीही सिलिंडर स्वयंपाकासाठी राखून अंघोळीचे पाणी सरपणावर तापविणारी कुटुंबे खेड्यापाड्यांत आजही आहेत. सरपण वेचून आणण्याचे कष्ट बहुधा घरातील स्त्रीच्या वाट्याला येतात आणि धूरही तिच्याच वाट्याला येतो. म्हणून हा विषय साधा दिसला, तरी अभ्यासण्याजोगा आहे.

सरपणाचा हिशेब

एका बादलीतील १५ लिटर पाणी २० अंशांवरून ४० अंशांपर्यंत तापविण्यास ३०० किलोकॅलरी उष्णता लागते. चांगले वाळलेले एक किलो लाकूड जळताना सुमारे ३,५०० किलोकॅलरी उष्णता देते. ती सगळी पाण्यात उतरली, तर एका किलोत अकरा बादल्या तापतील. परंतु तीन दगडांच्या उघड्या चुलीवर त्या उष्णतेचा जेमतेम दहावा भाग भांड्यापर्यंत पोहोचतो; बाकीची वाऱ्यावर जाते. म्हणजे एका बादलीस जवळपास एक किलो लाकूड! शंभर विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाला या हिशेबाने रोज सुमारे ८६ किलो सरपण लागेल. तेच एक तृतीयांश उष्णता पकडणारे साधन वापरले, तर सुमारे २६ किलो पुरेल. उष्णता कमी पडते ती बहुतेक वेळा लाकूड कमी असल्यामुळे नव्हे, तर ती वाया जात असल्यामुळे.

ओलावा आणि हवा

ही नासाडी प्रथम लाकडातील ओलाव्यामुळे होते. ज्याच्या वजनात निम्मे पाणीच आहे, असे ताजे तोडलेले लाकूड किलोमागे सुमारे १,९०० किलोकॅलरीच देते; कारण आधी त्यातील पाण्याची वाफ व्हावी लागते. आपल्या भागातील कडक उन्हाळा ही या बाबतीत मोठी देणगी आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये फोडून, हवा खेळेल असे रचलेले बाभळीचे लाकूड मेअखेर चांगले वाळते. पावसाळ्यापूर्वी ते छपराखाली घेतले की हिवाळ्यात उत्तम जळते. टोकांना भेगा पडल्या, साल सुटू लागली आणि दोन तुकडे एकमेकांवर आपटल्यास खणखणीत आवाज आला, की लाकूड वाळले असे समजावे. पऱ्हाट्या व तुराट्या लवकर पेटतात, पण लवकर संपतात. त्या जाळ धरण्यापुरत्या वापराव्यात.

दुसरे कारण हवेचा अभाव. लाकूड तापले की त्याच्या वजनाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग वायुरूपाने बाहेर पडतो आणि ज्वाळा होऊन जळतो. त्याला हवा अपुरी पडली, तर तोच काळा धूर होतो. धूर म्हणजे न जळलेले इंधनच होय. एक किलो लाकूड पूर्ण जळण्यास सुमारे पाच घनमीटर हवा लागते. म्हणून चूल लाकडांनी गच्च भरू नये, राख वेळोवेळी काढावी आणि मनगटाएवढ्या जाडीचे तुकडे थोडे थोडे सारावेत.

बंबाची रचना

पुण्याच्या तांबट आळीतील कारागिरांनी घडविलेला तांब्याचा बंब हे या शास्त्राचे देखणे उदाहरण आहे. त्यात विस्तव मधल्या नळीत असतो आणि पाणी त्याच्या भोवती. ज्वाळा वर जाताना चहूबाजूंनी पाण्याला उष्णता देतात. तळाच्या जाळीतून राख खाली पडते व हवा आत येते. मात्र नळीतील काजळी आणि पाण्याच्या बाजूने साचणारा क्षारांचा पांढरा थर उष्णतेला अडवतो. बोअरचे जड पाणी वापरणाऱ्यांनी दोन्ही नियमित साफ करावेत.

विनयातील धडा

या विषयाची नोंद पाली विनयपिटकातही आढळते. वैद्य जीवकाच्या सूचनेवरून भगवान बुद्धांनी भिक्षूंना आरोग्यासाठी जंताघराची, म्हणजे अग्नीने तापविलेल्या स्नानगृहाची, अनुज्ञा दिली. जंताघर लहान असेल तर चूल एका बाजूस, मोठे असेल तर मध्यभागी, आणि धुरासाठी धूमनेत्त, अशी व्यवस्था चुल्लवग्गात सांगितली आहे. तेथेच एक प्रसंग आहे. काही उद्धट भिक्षूंनी खूप लाकडे घालून अग्नी पेटविला, दार लावले आणि दारातच बसून राहिले. आतील भिक्षू उष्णतेने व्याकूळ होऊन मूर्च्छित पडले. त्यानंतर जंताघरातील वर्तनाचे नियम घालून देण्यात आले. राख साठली असेल तर ती बाहेर टाकावी, हाही त्यांतील एक नियम आहे.

हा धडा आजही लागू आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातील धुरामुळे व तत्सम प्रदूषणामुळे २०२० साली जगात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. दारे-खिडक्या लावून, पेटती शेगडी शेजारी ठेवून निजणे म्हणजे झोपेतच मृत्यूला बोलावणे आहे. बंब उघड्यावर किंवा धुराडे असलेल्या न्हाणीतच पेटवावा.

माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना एक विनंती आहे. येत्या हिवाळ्यात आठवडाभर घरचे सरपण तोलून वापरावे. किती लाकडात किती बादल्या तापतात, ते मुलांकडून वहीत लिहून घ्यावे. पुढच्या आठवड्यात वाळके, बारीक फोडलेले लाकूड आणि स्वच्छ केलेली चूल किंवा बंब वापरून तोच हिशेब पुन्हा मांडावा. दोन्ही आकड्यांमध्ये जो फरक दिसेल, तेवढी आईच्या डोक्यावरची मोळी हलकी होईल.