‘टेल’ म्हणजे नुसते ‘सांगणे’ नव्हे!



आपल्याकडे सन २००० पासून मराठी शाळांत पहिलीपासूनच इंग्रजी शिकवतात. त्याआधी ते पाचवीपासून असे. म्हणजे आपल्यापैकी पुष्कळांच्या आईवडिलांपेक्षा आपण लवकर इंग्रजी शिकायला लागलो. तरीसुद्धा बाईंनी उभे केले की आपल्या तोंडून वाक्य काही निघत नाही. शब्दांचे अर्थ पाठ असतात. मग अडते कुठे? याचा मी एका शब्दापुरता शोध घ्यायचे ठरवले. शब्द अगदी सोपा घेतला : ‘टेल’.

शब्दार्थांच्या यादीत लिहिलेले असते : टेल म्हणजे सांगणे. त्याची रूपे टेल, टोल्ड, टोल्ड. एवढे पाठ झाले की आपल्याला वाटते, झाला शब्द आपला! पण शब्द हा माणसासारखा असतो. तो कोणाबरोबर उठतो-बसतो हे पाहिल्याशिवाय त्याची ओळख पटत नाही.

१. चार भावंडे

इंग्रजीत बोलण्याची चार क्रियापदे नेहमी लागतात : से, टेल, स्पीक आणि टॉक. ती एकमेकांत गोंधळतात, म्हणून मी त्यांना आपल्या शब्दांशेजारी बसवले.

से – म्हणणे. प्रार्थना म्हणा, पाढे म्हणा, ‘ती म्हणाली’.
टेल – सांगणे. निरोप सांग, गोष्ट सांग, ‘तिने मला सांगितले’.
स्पीक – बोलणे. मराठी बोलणे, सभेत बोलणे.
टॉक – एकमेकांशी बोलणे, गप्पा मारणे.

आता गंमत पाहा. मराठीत आपण ‘मला सांग’ असे म्हणतो, ‘मला म्हण’ असे म्हणत नाही. इंग्रजीतही तसेच आहे. ‘टेल मी’ बरोबर, ‘से मी’ चूक. ‘से’ला ऐकणारा माणूस जोडायचा असेल तर मध्ये ‘टू’ लागतो : ‘शी सेड टू मी’. ‘टेल’ला मात्र तो लागत नाही. तिथे ऐकणारा लगेच शेजारी येऊन बसतो : ‘शी टोल्ड मी’.

आणखी एक पाहा. ‘ती म्हणाली’, ‘ती बोलली’ असे आपण म्हणतो, पण ‘ती सांगितली’ असे म्हणत नाही. तिथे ‘तिने सांगितले’ असे होते. म्हणजे म्हणणे आणि सांगणे यांत काही फरक आहे हे आपल्या जिभेला केव्हाच ठाऊक आहे. इंग्रजी शिकताना हे ज्ञान घरी ठेवून यायचे कारण नाही.

मात्र सगळीकडे जोडी जुळत नाही बरे का! आपण खोटे ‘बोलतो’, इंग्रज माणूस खोटे ‘टेल’ करतो : ‘टेल अ लाय’. खरे बोलणे म्हणजेही ‘टेल द ट्रुथ’. अशा जोड्या वेगळ्या लिहून पाठच कराव्या लागतात.

२. तोंड न उघडता ‘टेल’

आता ही वाक्ये वाचा.

‘कॅन यू टेल द टाइम?’ याचा अर्थ, तुला घड्याळ कळते का?

‘आय कान्ट टेल द ट्विन्स अपार्ट.’ म्हणजे, जुळ्यांतला कोणता कोण हे मला ओळखता येत नाही.

इथे कोणी कोणाला काही सांगतच नाही. इथे ‘टेल’ म्हणजे ओळखणे, फरक कळणे. याचे उदाहरण आपल्या शेतातच आहे. लाल कांद्याचे बी काळे आणि उन्हाळ कांद्याचेही काळेच. दोन्ही मुठी शेजारी शेजारी धरल्या तरी जाणत्या शेतकऱ्यालाही नुसते पाहून ‘टेल’ करता येत नाही. म्हणून बियाणे खात्रीचे घ्यावे लागते. उन्हाळ कांदा चाळीत काही महिने टिकतो, लाल कांदा तसा टिकत नाही. बी भलतेच निघाले तर ते कळायला काही महिने जातात, आणि तोवर हंगाम हातचा गेलेला असतो.

आपल्या मराठीतही हा अर्थ आहेच. ‘आज पाऊस येईल का हो?’ असे विचारले की आजोबा आभाळाकडे पाहून म्हणतात, ‘सांगता येत नाही बुवा.’ त्यांना बोलता येत नाही असे थोडेच आहे! त्यांना ‘कळत नाही’ असे म्हणायचे असते. इंग्रजीत हेच ‘आय कान्ट टेल’.

आणि आईचे नेहमीचे वाक्य? ‘मी सांगत नव्हते का!’ ते इंग्रजीत होते ‘आय टोल्ड यू सो!’ आया सगळीकडच्या सारख्याच, नाही का?

३. बँकेत शिंपी कशाला?

एकदा आजोबांनी मला विचारले, “का गं, बँकेच्या खिडकीवर ‘टेलर’ अशी पाटी कशाला? तिथं तर कोणी कपडे शिवत नाही.”

वर्गात हे सांगितल्यावर सगळे हसले. पण प्रश्न चांगला होता. मराठीत लिहिताना दोन्ही शब्द सारखेच दिसतात. इंग्रजीत त्यांचे स्पेलिंग वेगळे आहे. शिंपी तो टी-ए-आय-एल-ओ-आर, आणि बँकेतला टी-ई-एल-एल-ई-आर. शिंप्याचा शब्द कापड ‘कापण्या’वरून आला. बँकेतला टेलर मात्र आपल्या ‘टेल’चाच! पण तो काय सांगतो? काही सांगत नाही. तो पैसे मोजतो.

बाईंनी मोठा शब्दकोश उघडून दाखवला. सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत या शब्दाचे रूप ‘टेल्लान’ असे होते, आणि त्याचा अर्थ मोजणे असाही होता, सांगणे असाही होता. एकामागून एक मेंढ्या मोजाव्यात, तशाच एकामागून एक घडलेल्या गोष्टी सांगाव्यात! जर्मन भाषेत अजूनही मोजणे म्हणजे ‘त्सेलन’ आणि गोष्ट सांगणे म्हणजे ‘एरत्सेलन’. दोन्ही शब्द एकाच घरातले.

इंग्रजीत मोजण्याचा अर्थ आता मागे पडला, पण त्याच्या खुणा उरल्या आहेत. ब्रिटनच्या पार्लमेंटात मते मोजणाऱ्या सभासदांना टेलर म्हणतात. ‘ऑल टोल्ड’ म्हणजे सगळे मिळून, एकूण. जपमाळेचे मणी ओढणे यालाही ‘टेल’ हाच शब्द आहे. आपल्या जिल्ह्यात त्र्यंबकेश्वरला निवृत्तिनाथांच्या यात्रेला वारकरी येतात. त्यांच्यापैकी कोणी १०८ मण्यांची माळ घेऊन जप करीत बसला, तर जुन्या इंग्रजीच्या हिशेबाने तो मणी ‘टेल’ करतो आहे. एकेक मणी मोजायचा आणि एकेक नाम म्हणायचे, दोन्ही एकदमच!

नोटांचा विषय निघाला म्हणून सांगते. पूर्वी आपल्या देशाच्या नोटा इंग्लंडमधून छापून येत. १९२८ साली नाशिक रोडला त्या छापण्याचा कारखाना सुरू झाला. म्हणजे टेलर ज्या नोटा मोजतो त्यांतल्या कितीतरी आपल्याच जिल्ह्यात छापलेल्या असतात.

मोजणे आणि बोलणे यांचा संबंध आपल्यालाही नवा नाही. कमी बोलणाऱ्याला आपण ‘मोजके बोलणारा’ म्हणतो. जपून बोलणारा ‘तोलूनमापून’ बोलतो. बाजार समितीच्या आवारात व्यापारी भाव पुकारतो, त्याला आपण ‘बोली’ म्हणतो. आपली रोजची भाषा ती बोली, आणि लिलावातली तीही बोली! कांद्याच्या लिलावात बोललेला एकेक आकडा शेवटी हिशेबपट्टीवर उतरतो. तिथे शब्दाला पैशाइतकीच किंमत असते.

४. ‘सांगणे’ तरी एकच आहे का?

‘टेल’ला इतके अर्थ, मग आपले ‘सांगणे’ काय गरीब आहे? मी घरातली बोलणी आठवडाभर कान देऊन ऐकली आणि वहीत टिपून ठेवली :

काम सांगणे – हुकूम करणे. (इंग्रजीतही ‘टेल’ चालते : ‘टेल हिम टु ब्रिंग वॉटर.’)
भविष्य सांगणे – (इथेही ‘टेल’ चालते.)
जमिनीवर हक्क सांगणे – (इथे ‘टेल’ मुळीच चालत नाही. ‘क्लेम’ लागतो.)
स्थळ सांगून येणे – (याचे इंग्रजी करताना आम्ही चौघीजणी दमलो!)

शेवटचे ऐकून आजी म्हणाली, “मलाबी हे स्थळ सांगूनच आलं होतं.” आता ‘टेल’ घालून याचे भाषांतर केले तर ऐकणारा काय समजेल, देव जाणे. एका शब्दाला एकच अर्थ, हे कोणत्याच भाषेत खरे नाही. आपल्यातही नाही आणि त्यांच्यातही नाही.

५. अर्धवट अर्थाची किंमत

कोणी म्हणेल, एवढा कीस कशाला काढायचा? परीक्षेत एका मार्काचा प्रश्न! पण कधी कधी मार्कापेक्षा जास्त जाते. आमच्या वस्तीवर घडलेली गोष्ट सांगते.

कांद्याच्या पट्टीचे पैसे खात्यात जमा झाल्यावर शेजारच्या काकांना एक फोन आला. “बँकेतून बोलतोय. मोबाइलवर नंबर आलाय तो सांगा, नाहीतर खातं बंद होईल.” काकांनी मोबाइल मुलाच्या हाती दिला. त्यावर इंग्रजीत लिहिले होते : ‘डू नॉट शेअर धिस ओटीपी विथ एनीवन.’ तो बिचारा पाचवीतला. ‘शेअर’ म्हणजे वाटून घेणे, हे त्याला पाठ होते. ‘शेअर युअर टिफिन’, मित्राला डबा द्या, असे तो शिकला होता. नंबर कसा काय वाटून घेणार? त्याला उलगडा होईना. तिकडे फोनवरचा माणूस घाई करीत होता. त्याने आकडे वाचून दाखवले, काकांनी ते सांगितले, आणि खात्यातले पैसे गेले.

त्या मुलाचा यात दोष नाही. त्याने पाठ केलेला अर्थ खोटा नव्हता, फक्त तो अर्धाच होता. डब्याशेजारी ‘शेअर’ म्हणजे वाटून खाणे. गुप्त नंबराशेजारी ‘शेअर’ म्हणजे दुसऱ्याला सांगणे. ‘हा नंबर कोणालाही सांगू नका’ एवढाच त्या ओळीचा अर्थ होता.

आपल्या कितीतरी घरांत इंग्रजी वाचणारे आपणच असतो. औषधाच्या बाटलीवरचे, खताच्या पोत्यावरचे, मोबाइलवरचे आपण वाचतो आणि मोठी माणसे आपल्यावर विसंबून राहतात. म्हणून शब्द पुरता ओळखला पाहिजे. आणि अर्थ लागत नसेल तर ‘थांबा, मला सांगता येत नाही’ असे म्हणायला लाजू नये. फोनवरचा माणूस घाई करीत असेल तर फोन खुशाल ठेवून द्यावा. अशी फसवणूक झालीच तर ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवायचे असते. उशीर होईल तितके पैसे मिळणे अवघड होते.

६. मी काय करते

मी वहीत आता ‘टेल – सांगणे’ असे लिहीत नाही. दोन रकाने पाडते. पहिल्यात अख्खे वाक्य, दुसऱ्यात तेच आपण घरी कसे म्हणू ते. रोज एकच वाक्य. आठवड्यात सहा होतात, रविवारी सुट्टी!

पालकांना एक विनंती. ‘आम्हाला इंग्रजी येत नाही, आम्ही काय शिकवणार?’ असे म्हणू नका. मुलाला एवढेच विचारा : ‘या वाक्यात कोण, कोणाला, काय सांगतो? आपण हे कसं म्हणू?’ हे विचारायला इंग्रजी यावे लागत नाही. तुमच्याजवळ जी भाषा आहे ती फार श्रीमंत आहे. तिच्याच आधाराने आम्हाला दुसरी शिकता येईल.

आता तुमची पाळी!
(से, टेल, स्पीक, टॉक यांची योग्य रूपे भरा.)

१) माय मदर ....... मी अ स्टोरी एव्हरी नाइट.
२) शी ......., “आय अॅम हंग्री.”
३) वुई ....... मराठी अॅट होम.
४) डोन्ट ....... अ लाय.
५) ही ....... टु मी, “कम हियर.”
६) द बॉइज आर ....... इन द क्लास.

उत्तरे : १) टेल्स २) सेड ३) स्पीक ४) टेल ५) सेड ६) टॉकिंग

तुमच्या घरी ‘सांगणे’ हा शब्द आणखी कोणत्या अर्थाने वापरतात? चिठ्ठीवर लिहून बाईंच्या टेबलावरच्या डब्यात टाका. पालकांनीही टाकावी. लिहायला वेळ नसेल तर मला तोंडी सांगा, मी लिहून घेईन. पुढच्या महिन्यात त्या सगळ्या चिठ्ठ्या याच भिंतीवर लावू.

– इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी