बिगुलावर रागावलेला सैनिक



पहाटेचा बिगुल वाजला की पांघरूण पुन्हा डोक्यावर ओढून घ्यावेसे वाटते, हे कोणीही प्रामाणिक छात्र कबूल करील. अमेरिकेतील एका सैनिकाने हीच तक्रार गाण्यात मांडली आणि ती दोन महायुद्धांत सैनिकांना हसवत राहिली. त्या सैनिकाचे नाव अर्व्हिंग बर्लिन. गीतकार, संगीतकार आणि रंगमंचावरचा गायक अशा तिन्ही भूमिका त्याने निभावल्या.

त्याचा जन्म ११ मे १८८८ रोजी रशियन साम्राज्यातील एका गरीब ज्यू कुटुंबात झाला. तो पाच वर्षांचा असताना कुटुंब न्यूयॉर्कला आले. तेरा वर्षांचा असताना वडील वारले. शाळाही लवकरच सुटली. वर्तमानपत्रे विकणे, रस्त्यावर गाणी म्हणून पैसे मिळवणे, उपाहारगृहात गात गात वाढप्याचे काम करणे असे त्याचे शिक्षण झाले. १९०७ मध्ये पहिले गाणे छापले गेले. त्याचा मोबदला एक डॉलरही नव्हता. १९११ मधील ‘अलेक्झांडर्स रॅगटाइम बँड’ने मात्र त्याचे नाव सर्वत्र पोहोचवले.

आश्चर्य असे, की त्याला स्वरलेखन वाचता येत नव्हते. पियानोवर तो मुख्यतः काळ्या पट्ट्यांवरच वाजवी. त्याने एक खास पियानो घेतला. त्याचा दांडा फिरवला की बोटे तीच राहत आणि सूर दुसऱ्या पट्टीत निघत. चाल तो वाजवून दाखवी, लिहून घेणारा दुसरा असे. उणीव लपवत बसण्यापेक्षा त्याने तिच्यावर उपाय शोधला.

१९१८ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, त्याला सक्तीच्या भरतीत बोलावणे आले. प्रसिद्ध गीतकार लाँग आयलंडवरील कँप अप्टन येथे साधा सैनिक झाला. रात्रभर जागून गाणी रचणाऱ्याला पहाटे उठणे म्हणजे शिक्षाच! त्याच सुमारास छावणीत भेटीला येणाऱ्या नातेवाइकांसाठी घर बांधायचे होते आणि त्यासाठी पैसा हवा होता. सैनिकांनीच सादर करायचे संगीत नाटक बर्लिनने लिहायला घेतले. आपण रात्री काम करतो, असे सांगून त्याने पहाटेच्या बिगुलातून सूटही मिळवली. (ही युक्ती आपल्याकडे चालणार नाही!) ‘यिप यिप याफँक’ हे नाटक ऑगस्ट १९१८ मध्ये न्यूयॉर्कच्या सेंच्युरी थिएटरात आले. बिगुलाची तक्रार मांडणारे गाणे त्याने स्वतः रंगमंचावर म्हटले.

त्याच नाटकासाठी त्याने ‘गॉड ब्लेस अमेरिका’ही लिहिले होते. हसऱ्या, खेळकर प्रयोगात ते फार गंभीर वाटेल, म्हणून त्याने ते बाजूला ठेवले. चांगले असूनही जागेवर न बसणारे गाणे वगळायला धैर्य लागते. वीस वर्षांनी, १९३८ मध्ये, युरोपवर युद्धाचे सावट असताना त्याने त्यात थोडे बदल केले आणि केट स्मिथने ते रेडिओवर गायले. त्या गाण्याचे उत्पन्न त्याने बालवीर आणि वीरबाला संघटनांना देऊन टाकले.

दुसऱ्या महायुद्धात त्याच्यावर कसलीही सक्ती नव्हती. तरीही ४ जुलै १९४२ रोजी ‘धिस इज द आर्मी’ हे त्याचे नवे नाटक सुरू झाले. चोपन्न वर्षांचा बर्लिन पहिल्या महायुद्धातला गणवेश चढवून पुन्हा तेच बिगुलाचे गाणे म्हणू लागला. उत्पन्न सैनिकांच्या कुटुंबांना मदत करणाऱ्या निधीला जाई. त्या काळी अमेरिकी सैन्यात गोऱ्या आणि कृष्णवर्णीय सैनिकांच्या तुकड्या वेगळ्या असत. बर्लिनने मात्र कृष्णवर्णीय सैनिकांना नाटकात घेण्याचा आग्रह धरला आणि या पथकात सगळे एकत्र राहू लागले. लंडन, इटली, इजिप्त, पॅसिफिकमधील बेटे असा प्रवास करत प्रयोग ऑक्टोबर १९४५ पर्यंत चालले. सैन्यातील वेगळ्या तुकड्या बंद करण्याचा आदेश निघाला तो १९४८ मध्ये!

१९४६ मध्ये ‘ॲनी गेट युअर गन’ हे त्याचे गाजलेले संगीत नाटक आले. हजाराहून अधिक गाणी मागे ठेवून, २२ सप्टेंबर १९८९ रोजी, वयाच्या एकशे एकाव्या वर्षी तो वारला.

कुरकुर प्रत्येक बराकीत असते. ती पाठीमागे कुजबुजली तर तुकडी पोखरते. सर्वांसमोर, स्वतःवर हसत मांडली तर तुकडी जोडते. बर्लिनच्या गाण्यात बिगुलावर राग आहे, पण ते म्हणणारा गणवेशातच उभा आहे. उद्या पहाटे बिगुल वाजेल तेव्हा कुरकुर जरूर करा. मात्र पाय जमिनीवर टेकवून!

विचार करा :
१. चांगले गाणे वगळण्याचा बर्लिनचा निर्णय तुम्हाला पटतो का? का?
२. तक्रार आणि बेशिस्त यांत फरक कोणता?
३. तुमच्या हाउसमधील एका रोजच्या गैरसोयीवर चार विनोदी ओळी रचा आणि मित्रांना म्हणून दाखवा.