दुधाचा टँकर जिथवर जातो

आधी रूट, एका दमात. होल्झकिर्शन, झाक्सेनकाम, किर्शझे तलाव, एल्बाख, बाड ट्योल्झ, आर्झबाख, वेगशाइड, याखेनाऊ, नीडरनाख, आइनझीडल, ऊरफेल्ड, केसेलबर्ग घाट, कोखेल. म्युनिकच्या दक्षिणेला, आल्प्सच्या पायथ्याशी, साधारण ७० किलोमीटर. जाताना लोकल, येताना पॅसेंजर. कुठे वळायचं, हे कुठल्याही ॲपवर मिळेल, त्यात शब्द घालवत नाही.

खरं तर निघालो होतो लेंगग्रीसला. तिथवर गाडीने जायचं, सायकल उतरवायची आणि थेट याखेनाऊच्या खोऱ्यात शिरायचं, असा सरळ बेत. होल्झकिर्शनला घोषणा झाली की पुढे रुळांचं काम आहे, गाडीऐवजी बस मिळेल. बसच्या दाराशी ड्रायव्हरने आमच्या सायकलींकडे बघितलं आणि नुसती मान हलवली. बदली बसमध्ये सायकल घेत नाहीत, हा इथला जवळपास सार्वत्रिक नियम आहे. तेव्हा शनिवारी-रविवारी निघण्याआधी रेल्वेच्या ॲपवर फक्त वेळ नाही, तर त्या मार्गावर बदली बस लागली आहे का, तेही बघा. प्लॅटफॉर्मवर आम्ही दहा-बाराजण होतो. काहींनी परतीची लोकल धरली. चकाचक जर्सीतला एक घोळका तावातावाने १३ नंबरच्या हायवेवर गेला, कारण ट्योल्झला जायचा सरळ रस्ता तोच. आम्ही स्टेशनबाहेर पांढऱ्या पाटीवर हिरव्या रंगात सायकलचं चित्र दिसलं त्या बाजूला वळलो. बव्हेरियात सायकलमार्गाच्या पाट्या अशाच असतात.

आणि तिथून ट्योल्झपर्यंतचा जो तुकडा नाइलाजाने वाट्याला आला, तोच या सगळ्या रूटचा जीव आहे. याखेनाऊ सुंदर आहे, वाल्शेनझे तलाव तर पोस्टकार्डावरचाच, पण पुन्हा जाईन ते या तुकड्यासाठी.

हायवेच्या पश्चिमेला, त्याच्यापासून फार दूर न जाता, अंगणाएवढ्या रुंदीचे डांबरी रस्ते टेकड्यांमधून वळत जातात. एकच गाडी मावेल इतके रुंद. दुसरी आली तर एकाने गवतात उतरायचं. पण दुसरी येतच नाही. अर्ध्या तासात आम्हाला भेटला तो एक ट्रॅक्टर, मागे स्लरीचा टँकर, आणि त्याच्या मागून पुढची दोन वळणं पुरेल एवढा वास. एका ठिकाणी रस्ता चक्क एका मळ्यातल्या वस्तीच्या पोटातून जातो: डावीकडे घर, खिडक्यांत लाल जिरेनियम, उजवीकडे गोठा, मधल्या डांबरावर कोंबड्या. आपण कुणाच्या तरी खासगी अंगणात घुसलोय असं वाटून मी ब्रेक दाबला. गोठ्याच्या दारातल्या बाईंनी हातातला फावडा न थांबवता ‘ग्र्यूस गॉट’ म्हटलं आणि हनुवटीनेच पुढची वाट दाखवली. रस्ता सार्वजनिकच होता.

असे रस्ते इथे इतके का, याचं उत्तर दूध. पायथ्याच्या या पट्ट्यात गहू-मका कमी, कुरणं जास्त, आणि शेतकरी गावात न राहता आपापल्या मळ्यात राहतो. गोठ्यातल्या टाकीतलं थंड केलेलं दूध न्यायला डेअरीचा टँकर साधारण दिवसाआड येतो, पावसात येतो, बर्फातही येतो. त्याला चिखल चालत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर विखुरलेल्या जमिनींचं एकत्रीकरण झालं तेव्हा शेतरस्तेही आखले गेले आणि डांबरीही झाले. आपल्याकडे साखर कारखान्याच्या पट्ट्यात ऊस निघतो तिथवर डांबर पोचतं, तसंच. म्हणून नकाशावर शांत रस्ता शोधायचा असेल तर दोन गावांना जोडणारी रेघ बघू नका. ती रेघ सगळ्यांनाच दिसते, मोटरसायकलवाल्यांनाही. दोन-तीन सुट्या वस्त्यांना ओवत जाणारी, कुठेच थेट न पोचणारी बारीक रेघ बघा.

एक सावधगिरी. या रस्त्यांच्या तोंडाशी बऱ्याचदा लाल कडेची गोल पाटी असते. लाल कडेच्या आत मोटार आणि मोटरसायकलचं चित्र असेल तर बंदी फक्त त्यांना, आपण खुशाल जायचं. पण गोल आतून कोरा पांढरा असेल तर ती सगळ्या वाहनांना बंदी, सायकलसकट. खाली ‘शेतीच्या वाहनांना मुभा’ अशी जोडपाटी असली तरी आपण शेतीत मोडत नाही. सायकलस्वारांना मुभा असल्याचं वेगळं लिहिलेलं नसेल तर उतरून ढकलत न्यायची. ढकलायला मनाई नाही. गुरांसाठी रस्त्यात लोखंडी दांड्यांची जाळी येते, ती सरळ काटकोनात ओलांडा, ओली असेल तर ब्रेकला हात न लावता.

चढांबद्दल ॲपवर विसंबू नका. पायथा म्हणजे सपाटी, असा समज घेऊन येणाऱ्यांची इथे जिरते. हिमयुगातल्या हिमनद्यांनी ढकलत आणलेल्या दगडमातीच्या या टेकड्या आहेत. उंची किरकोळ, पण चढ आखूड आणि तिरसट. एकूण चढाईचा आकडा लहान दिसतो, गिअर मात्र सारखा बदलावा लागतो. त्याच हिमनद्यांनी मागे सोडलेल्या खळग्यांत तलाव आणि दलदली झाल्या. किर्शझे त्यातलाच, चहासारख्या पाण्याचा. शेजारी टेकाडावर रॉयटबर्गचा मठ आणि मठाची बिअर. उन्हाळ्यातल्या रविवारी दुपारी इथे पोहणाऱ्यांची आणि पार्किंग शोधणाऱ्यांची जत्रा असते, म्हणून दहाच्या आत पार व्हा. तलावाच्या आसपास काही तुकडे खडीचे आहेत. २८ मिलिमीटरचा टायर पुरतो, २३ च्या पातळ टायरवर मिरवायचं असेल तर ट्यूब जास्तीची घ्या.

पाणी. रविवारी जर्मनीत दुकानं बंद, बेकरी उघडी असली तरी दुपारपर्यंतच. गावातलं चर्च शोधा, शेजारी दफनभूमी असते आणि तिथे फुलांना पाणी घालायचा नळ. ‘पिण्याचं पाणी नाही’ अशी पाटी नसेल तर बाटली भरून घ्या. हेल्मेट काढून, आवाज न करता. कुणीतरी आपल्या माणसाला भेटायला आलेलं असतं. काही मळ्यांच्या दारात दुधाचं मशीन दिसेल, नाणं टाकलं की ताजं दूध. ते कच्चं असतं, वर ‘उकळून प्या’ असं लिहिलेलं असतं, ते गंमत म्हणून लिहिलेलं नाही.

ट्योल्झहून पुढे इझार नदीच्या पश्चिम काठाने, आर्झबाखमार्गे वेगशाइडला या. पूर्वेकडून हायवे जातो, तो टाळा. नदीलगतचा सायकलमार्ग बराचसा खडीचा आहे, गावातून जाणारा रस्ता बरा. याखेनाऊचं खोरं लांबट, हिरवं, वस्ती हजाराच्याही आत. सकाळी स्वर्ग, अकरानंतर मोटरसायकली. खोऱ्याच्या शेवटी टोलचा रस्ता सुरू होतो, टोल मोटारींना, सायकलला नाही. जंगलातून नीडरनाखला उतरलं की वाल्शेनझे अंगावर येतो. इथे चार ओळी इतिहास सांगायची रीत आहे: तलावातलं पाणी २०० मीटर खाली कोखेलच्या तलावाकडे सोडून वीज करतात, १९२४ पासून, कर्ता ऑस्कर फॉन मिलर. आणि केसेलबर्गचा जुना घाटरस्ता १४९२ चा. १७८६ च्या सप्टेंबरात इटलीला निघालेला जर्मन कवी ग्योटं याच वाटेने गेला.

तलावाच्या काठी मात्र मन खट्टू होतं. दगडांच्या फटीत एनर्जी जेलची रिकामी पाकिटं. ही गाडीतून येणारे पर्यटक खात नाहीत, ही आपलीच बिरादरी. सात-आठ हजार युरोंची सायकल दीड ग्रॅमने हलकी व्हावी म्हणून धडपडणाऱ्याला रिकामं पाकीट जड होतं! हेच लोक ई-बाइकवरच्या आजोबांना ‘खरे सायकलवाले नाहीत’ म्हणतात. त्या आजोबांच्या हँडलच्या टोपलीत मला कचऱ्याची पिशवी दिसली.

आइनझीडल ते ऊरफेल्ड हा तलावाकाठचा हायवे आहे, गप्प पेडल मारून संपवायचा. मग केसेलबर्ग. या घाटाची मोटरसायकलवाल्यांत ख्याती आहे, १९०५ पासून इथे शर्यती होत. शनिवार-रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी कोखेलकडून वर चढायला मोटरसायकलींना बंदी असते. म्हणजे उतरताना वळणावर समोरून आपल्या बाजूला झुकलेली बाइक येण्याची भीती त्या दिवशी कमी. दुधाचे रस्ते कुठल्याही वारी चालतील, पण हा घाट असल्यामुळे पूर्ण रूट सुट्टीच्याच दिवशी करा. कामाच्या दिवशी संध्याकाळी इथे फिरकू नका. तसंही सोमवार ते शुक्रवार सकाळी ६ ते ९ आणि दुपारी ४ ते ६ म्युनिकच्या लोकलमध्ये सायकल नेता येत नाही.

जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी तीननंतर डोंगरावर ढग चढतात आणि वीज पडते. तोवर केसेलबर्ग उतरलेला हवा. मे महिना सगळ्यात छान, कुरणं पिवळ्या फुलांनी भरलेली. सप्टेंबरात गुरं डोंगरावरून खाली आणतात, त्या दिवशी रस्ता त्यांचा, आपण कडेला थांबायचं.

कोखेलहून गाडी साधारण तासाला एक. सायकलचं तिकीट वेगळं काढावं लागतं, महिन्याच्या डॉइचलँडटिकिटात ते येत नाही. कोखेल शेवटचं स्टेशन असल्याने गाडी रिकामी लागते, पण रविवारी संध्याकाळी पुढच्या स्टेशनांवर सायकलींना जागा नाकारतात. म्हणून पुढच्याच स्टेशनच्या गावातला, बेनेडिक्टबॉयर्नचा मठ बघायचा मोह झाला तरी मठ बघून परत कोखेललाच या आणि तिथूनच चढा.