चूक बोटाची की बटणाची?



मागच्या वर्षी मांडूच्या सहलीची नावनोंदणी आपण प्रथमच मोबाईलवरून केली. यादी लागली तेव्हा सातवीतील एका मुलीचे नाव त्यात नव्हते. आईवडील दोघेही नोकरीवर, म्हणून फॉर्म आजीने भरला होता. दुसऱ्या दिवशी आजी शाळेत आल्या. "मॅडम, मी सगळं भरलं होतं हो. माझ्याच हातून काहीतरी चुकलं असणार," असे म्हणताना त्यांचा आवाज दाटून आला. मी नेहमी सांगते तेच त्यांनाही सांगितले, "आजी, सूचना नीट वाचायला हव्या होत्या."

मग काय मनात आले कोण जाणे, मी त्यांना माझ्या टेबलाशी बसवले आणि फॉर्म पुन्हा भरायला सांगितले. नाव, वर्ग, रक्तगट, सर्व त्यांनी बिनचूक भरले. शेवटी दोन निळी बटणे शेजारी शेजारी होती, अगदी एका आकाराची. एकावर इंग्रजीत 'सबमिट' होते, दुसऱ्यावर 'रीसेट'. आजींनी 'रीसेट' दाबले. क्षणात सारी माहिती पुसली गेली आणि कोरा फॉर्म पाहून त्या समाधानाने म्हणाल्या, "हं, गेला बघा!"

पत्र पेटीत टाकल्यावर हात रिकामा होतो, तसाच फॉर्म रिकामा झाला म्हणजे तो पोहोचला, असा त्यांचा समज. हा समज मूर्खपणाचा आहे का? चौकशी केली तर आणखी चार घरी हेच झाले होते. बसमध्ये दोनच जागा उरल्या होत्या, त्यामुळे पाचपैकी तीन मुले सहलीला येऊ शकली नाहीत. तो फॉर्म मी मंजूर केला होता. त्या मुलांची मी क्षमा मागितली. त्यातून मी जो धडा शिकले, तोच आजचा पाठ.

एखादी वस्तू किंवा मोबाईलचा पडदा वापरताना माणसाला काय कळते, कुठे अडते, काय वाटते, या सगळ्याला मिळून 'युजर एक्स्पीरियन्स' म्हणजे वापरणाऱ्याचा अनुभव असे म्हणतात. हा शब्द रूढ करण्यात डॉन नॉर्मन या अमेरिकन शास्त्रज्ञांचा मोठा वाटा आहे. १९९३ मध्ये ते ॲपल कंपनीत गेले, तेव्हा त्यांच्या पदाच्या नावातच हा शब्द होता. त्याआधी १९८८ मध्ये त्यांनी रोजच्या वापरातील वस्तूंवर एक पुस्तक लिहिले. त्यातले दाराचे उदाहरण प्रसिद्ध आहे. ढकलायच्या दाराला ओढायची मूठ लावली, तर लोक ते ओढणारच. मग वर 'ढकला' अशी पाटी लावावी लागते. दारासारख्या साध्या वस्तूला पाटी लागत असेल, तर दोष माणसाचा नसून दाराचा आहे.

दाराने फार तर कपाळाला टेंगूळ येईल. पण कधी कधी किंमत फार मोठी असते. ७ नोव्हेंबर २००० रोजी अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक झाली. फ्लोरिडा राज्यातील पाम बीच काउंटीत उमेदवार अनेक होते. वृद्ध मतदारांना वाचता यावे म्हणून अक्षरे मोठी ठेवली, तेव्हा नावे एका पानावर मावेनात. म्हणून ती डाव्या आणि उजव्या अशा दोन पानांवर छापली आणि छिद्र पाडायच्या खुणा मधल्या एकाच रांगेत ठेवल्या. डावीकडे पहिले नाव बुश यांचे, दुसरे गोर यांचे. पण मधल्या रांगेतील दुसरी खूण होती उजव्या पानावरील ब्यूकॅनन यांची. गोर यांची खूण तिसरी. बाण काढलेले होते, नमुना राजकीय पक्षांनी आधी पाहिलाही होता.

निकाल काय लागला? त्या काउंटीत ब्यूकॅनन यांना ३,४०७ मते पडली. ही सारी मते आपली नसावीत, असे त्यांनी स्वतःच सांगितले. एकापेक्षा जास्त छिद्रे पाडल्यामुळे १९ हजारांहून अधिक मतपत्रिका बाद झाल्या. आणि संपूर्ण फ्लोरिडा बुश यांनी जिंकले अवघ्या ५३७ मतांनी. ज्यांनी ती मतपत्रिका आखली, त्यांचा हेतू वाईट नव्हता. वृद्धांची सोय व्हावी हाच होता. चांगला हेतू पुरत नाही, हे यातून शिकायचे.

आता आपल्या देशाकडे पाहू. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी, १९५१-५२ मध्ये, देशात शंभरात सुमारे १८ लोकच साक्षर होते. तेव्हा प्रत्येक उमेदवारासाठी वेगळी पेटी ठेवली गेली आणि तिच्यावर त्याचे चिन्ह चिकटवले. मतदाराने चिन्ह ओळखायचे आणि कागद त्या पेटीत टाकायचा. वाचणे नको, लिहिणे नको. लोकांना आधी शिकवा मग मत द्या, असे न म्हणता मतदानाची रीतच लोकांना पेलेल अशी केली गेली.

मग चांगली रचना कशी साधते? संवादातून. पण प्रश्न कसा विचारतो याला महत्त्व आहे. "समजलं ना?" असे विचारले की लाजेपोटी सगळेच हो म्हणतात; हे वर्गातही आम्ही रोज पाहतो. म्हणून या क्षेत्रातील लोक वापरणाऱ्याच्या शेजारी बसतात आणि म्हणतात, "आता तुम्ही काय दाबाल? का बरं?" मग गप्प राहून पाहतात. हात मध्ये घालत नाहीत. याकोब निल्सन या तज्ज्ञांनी २००० मध्ये लिहिले की अशा पाच माणसांबरोबर बसले तरी बहुतेक अडचणी समोर येतात. पाच माणसे आपल्या कोणत्याही गल्लीत मिळतील.

विद्यार्थ्यांनी हे लक्षात ठेवावे की हा अभ्यासाचा आणि व्यवसायाचाही विषय आहे. १९६१ मध्ये स्थापन झालेली अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था आणि १९६९ मध्ये स्थापन झालेला आयआयटी मुंबईतील डिझाइनचा विभाग असे शिक्षण देतात. चित्र चांगले काढता येणे उपयोगी खरे, पण दुसऱ्याची अडचण शांतपणे ऐकता येणे जास्त उपयोगी.

विश्वस्त आणि पालकांना कळवते की यापुढे शाळेचा कोणताही ऑनलाइन फॉर्म आधी पाच जणांकडून भरून घेतला जाईल. त्यांत दोन आजी-आजोबा असतील. 'रीसेट' बटण काढून टाकले आहे. 'पाठवा' हे एकच बटण आहे आणि ते दाबल्यावर 'आपला फॉर्म शाळेला मिळाला' असे मराठीत व हिंदीत दिसते.

घरचा अभ्यास:
१. घरातील एका वडीलधाऱ्या व्यक्तीला मोबाईलवर एखादे काम करायला सांगा. मोबाईल हातातून काढून घेऊ नका. पाच मिनिटे फक्त पाहा.
२. त्या कुठे थांबल्या, काय दाबले आणि का, हे वहीत लिहा.
३. त्या जागी काय बदलले तर त्या अडणार नाहीत, याचे चित्र काढा.

आणि कोणी "माझंच चुकलं" म्हणाले, तर लगेच हो म्हणू नका. आधी बटण पाहा.

— प्राचार्या