निवड देवाची, निवाडाही देवाचाच

सोलापूर

प्रिय चि. सोनू,



तुझं पत्र पोचलं. पुण्याच्या बायबल अभ्यासगटात तू मन लावून शिकतोस, याचं समाधान वाटलं. पण पत्रातल्या प्रश्नांनी तुझा जीव घुसमटतोय हेही कळलं. कोण तारला जाणार हे देवाने जगाच्या उत्पत्तीआधीच ठरवलं असेल, तर प्रार्थना आणि सुवार्ता कशासाठी? सुवार्ता कानावर न पडताच वारलेल्या आपल्या खापरपणज्यांचं काय? आणि तिसरी गोष्ट तू प्रश्न म्हणून लिहिलीच नाहीस, निकाल म्हणून लिहिलीस. शेजारच्या काकू निवडलेल्यांपैकी नाहीत, आणि तसं तू दिवाळीत त्यांना तोंडावर सांगितलंस. त्या तिसऱ्या गोष्टीसाठीच एवढं लांब लिहिते आहे.

देवाच्या निवडीच्या ज्या शिकवणीने तू भारावलास तिच्याबद्दल मला आदर आहे. पाचव्या शतकात पेलाजियस म्हणे, माणूस मनात आणलं तर स्वतःच्या बळावर नीतिमान होऊ शकतो. ऑगस्टीन म्हणे, देवाची कृपा आधी येते, माणसाचं पाऊल नंतर पडतं. सोळाव्या शतकात कॅल्विनने ऑगस्टीनचंच म्हणणं पुढे नेलं. तो स्वतः फ्रान्समधून परागंदा होऊन जिनिव्हात आसऱ्याला आलेला, आणि त्याचं ऐकणारेही कितीतरी जण छळामुळे देशोधडीला लागलेले. घर गेलं, गाव गेलं, तरी देव आपल्याला सोडणार नाही, हा धीर त्यांना या शिकवणीने दिला. पुढे हॉलंडमध्ये आर्मिनियसच्या अनुयायांनी १६१० मध्ये पाच कलमं मांडली. ख्रिस्त सर्वांसाठी मेला आणि माणूस कृपा नाकारू शकतो, हा त्यांचा गाभा. १६१८-१९ च्या डॉर्टच्या धर्मसभेने त्यांना जे उत्तर दिलं, त्यातून तुम्ही शिकता ते कॅल्विनवादाचे ‘पाच मुद्दे’ आले. त्यानंतर व्हाइटफील्ड कॅल्विनच्या बाजूने उभा राहिला, वेस्ली आर्मिनियसच्या. दोघांच्याही उपदेशाने असंख्य लोकांचं आयुष्य पालटलं. तेव्हा एका बाजूला विश्वास आणि दुसऱ्या बाजूला पाखंड, अशी वाटणी करू नकोस.

तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आपल्याच इतिहासात आहे. १८१३ मध्ये मुंबईत आलेले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे कॅल्विनच्याच परंपरेत वाढलेले. सगळं ठरलेलं आहे म्हणून ते घरी बसले नाहीत. ज्या देवाने शेवट ठरवला, त्यानेच कोणीतरी जाऊन सांगण्याची वाटही ठरवली, अशी त्या परंपरेची श्रद्धा. त्यांच्याच अमेरिकन मराठी मिशनने १८६० च्या दशकात सोलापुरात ठाणं उभारलं. प्रार्थनेचंही तसंच. देवाचा बेत बदलावा म्हणून आपण गुडघे टेकत नाही, त्याच्या बेतात आपले हात लागावेत म्हणून टेकतो.

दुसरा प्रश्न तुझ्याआधी नगरच्या रॉबर्ट ह्यूम यांना भिडला होता. जन्म मुंबईचा, १८४७ चा, वडीलही मिशनरी. नगरला पाळक तयार करणारं धर्मविद्यालय त्यांनी १८७८ मध्ये सुरू केलं. त्या काळी अमेरिकेत ॲन्डोव्हर धर्मविद्यालयाच्या काही प्राध्यापकांनी एक विचार मांडला होता: ज्यांना या आयुष्यात ख्रिस्ताची ओळखच झाली नाही, त्यांना ती संधी मृत्यूनंतर मिळत असेल. १८८६ मध्ये रजेवर असताना ह्यूमनी या विचाराला जाहीरपणे सहानुभूती दाखवली. मिशन चालवणाऱ्या मंडळात त्यावरून मोठं वादळ उठलं आणि त्यांना भारतात परत पाठवणं लांबवण्यात आलं. वर्षभराच्या भवति न भवतिनंतर १८८७ मध्ये त्यांना परवानगी मिळाली. पुढे दुष्काळातल्या सेवेसाठी त्यांना कैसर-ए-हिंद सुवर्णपदक मिळालं.

ह्यूम यांचा तर्क बरोबर होता असं मी म्हणत नाही. शास्त्रात त्याला भक्कम आधार मला दिसत नाही. पण बाप्तिस्मा घेणाऱ्या मराठी माणसाच्या मनात पहिला प्रश्न आपल्या मेलेल्या आईबापांचा येतो, हे त्यांनी ओळखलं आणि त्याला हुसकून लावलं नाही. आपल्या खापरपणज्यांना ज्याने घडवलं, तो त्यांच्यावर तुझ्या-माझ्यापेक्षा कमी माया करत असेल का? त्यांना मी त्याच्याच हाती सोपवते. त्याच्या हातातून काढून नरकात टाकण्याचा अधिकार मला कोणी दिलेला नाही.

आता काकूंचं. आधी आपल्या शहरातली सेटलमेंट आठव, सरकारने गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना कोंडलेली वसाहत. १८७१ पासून चालत आलेल्या गुन्हेगार जमाती कायद्याने कैकाडी, पारधी, टकारी, मांग गारुडी अशा जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला. पाळण्यातल्या लेकरानं काही करण्याआधीच सरकारने त्याचा निकाल लावला होता. तारेचं कुंपण आणि रोजची हजेरी. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला, पण लोकांच्या नजरेतला संशय कायद्याबरोबर गेला नाही. देवाची निवड आणि सरकारचा शिक्का एकच आहेत असं मी म्हणत नाही. मात्र माणूस दुसऱ्याचा शेवट आधीच जाहीर करतो तेव्हा काय होतं, हे पाहायला सोलापूरकराला लांब जावं लागत नाही. तू काकूंच्या दारात उभा राहून तेच केलंस.

ज्या रोमकरांस पत्राच्या नवव्या अध्यायाचा तू आधार घेतोस, त्याची सुरुवात पुन्हा वाच. आपल्या भाऊबंदांसाठी पौलाच्या काळजाला पीळ पडला आहे. त्यांच्याऐवजी आपणच ख्रिस्तापासून तोडले गेलो तरी चालेल, इथवर तो जातो. निवडीबद्दल तो बोलतो ते या दुःखातून. आणि अकराव्या अध्यायाच्या अखेरीस तो सर्वांवर होणाऱ्या दयेबद्दल बोलतो आणि देवाच्या अगाध ज्ञानापुढे हात जोडतो. कोणाचीही यादी करत नाही. लूकच्या तेराव्या अध्यायात एकजण प्रभूलाच विचारतो, तारले जाणारे थोडेच आहेत काय? प्रभू आकडा देत नाही. अरुंद दारातून आत जायला तुम्ही झटा, असं ऐकणाऱ्यांनाच सांगतो.

माझी श्रद्धा सांगते. तारण ख्रिस्ताकडूनच आहे आणि ते कमावता येत नाही. आपण देवाला धरण्याआधी त्याने आपल्याला धरलं, हे मी रोज अनुभवते. ही शिकवण स्वतःकडे पाहण्यासाठी दिली आहे: माझ्यात काही विशेष नव्हतं, तरी त्याने मला बोलावलं, म्हणून माझी मान खाली. तिच्याच बळावर दुसऱ्याकडे पाहून मान वर झाली, तर ती शिकवण आपल्याला कळलीच नाही असं समज. आणि बायबलमध्ये ज्याला ज्याला देवाने निवडलं, त्याच्या पदरात आधी काम पडलं. अब्राहामाला बोलावलं ते त्याच्याद्वारे पृथ्वीवरच्या सगळ्या कुळांना आशीर्वाद मिळावा म्हणून.

म्हणून तीन गोष्टी कर. अभ्यासगट सोडू नकोस, पण रोमकरांस पत्राचे नऊ ते अकरा अध्याय एका बैठकीत वाच, आणि आर्मिनियस-वेस्लीचं म्हणणंही त्यांच्याच बाजूच्या माणसाकडून ऐक. कोणी ख्रिस्ताबद्दल विचारलं तर मोकळेपणाने सांग, न विचारता कोणाचा शेवट सांगू नकोस. आणि नाताळला येशील तेव्हा आधी काकूंकडे जा. त्यांची माफी माग. “तसं बोलणं माझं काम नव्हतं,” एवढंच म्हण. लगेच पुढे उपदेश जोडू नकोस. त्यांच्यासाठी नाव घेऊन रोज प्रार्थना कर. ज्याच्यासाठी आपण खरोखर प्रार्थना करतो, त्याला मनातल्या मनातसुद्धा टाकून देता येत नाही.

तुझी,
आत्या