परदेशी मिशनची तयारी आणि वसईचा गोन्सालो

आमच्या पांढुर्णा-सौंसर भागात 'मिशन' म्हटलं की मिशनची शाळा आठवते, नाहीतर केरळहून आलेल्या सिस्टर. म्हणजे मिशन ही बाहेरून आपल्याकडे येणारी गोष्ट. आपल्यातलंच कोणी, तेही फादर किंवा सिस्टर न होता, परदेशात मिशनला जाईल, असं घरी बोलून पाहा. 'कायले जातं एवढ्या दूर? इथं कामं कमी आहेत का?' हाच प्रश्न आधी येईल. प्रश्न काही चुकीचा नाही. पदवीनंतर दोन वर्षं असं जावं हे माझ्याही मनात आहे, म्हणून जाण्याआधी नेमकी कसली तयारी करायची असते हे मी शोधू लागले.

प्रापंचिक मिशनरी म्हणजे साधी नोकरदार माणसं: नर्स, शिक्षक, सुतारकाम किंवा हिशेब जाणणारे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली मिशनकार्यावर जो आदेश काढला ('आद जेन्तेस'), त्यात प्रापंचिकांच्या या वाट्याचा स्पष्ट उल्लेख आहे. जाणाऱ्याने तिथल्या लोकांची भाषा, इतिहास, रीतिरिवाज शिकावेत, असंही त्यात म्हटलं आहे. असे लोक बहुधा एकटे राहत नाहीत. चार-पाच जण, एक घर, एक स्वयंपाकघर, पुष्कळदा खर्चाची पेटीसुद्धा एकच. व्हिसा, लसी, भाषेचे वर्ग ही तयारी कळण्यासारखी आहे. आध्यात्मिक तयारीचं विचारलं तर मात्र उत्तर मिळतं, 'प्रार्थना वाढव.' ते खरंच आहे, पण तेवढ्यावर कोणाचं भागत नाही. म्हणून मी एका मराठी मुलखातल्या माणसाकडे वळले. तो साडेचारशे वर्षांपूर्वी गेला होता.

संत गोन्सालो गार्सिया १५५६-५७ च्या सुमारास वसईत जन्मला. बाप पोर्तुगीज, आई इथलीच. वसईच्या किल्ल्यात येशूसंघीयांकडे तो शिकला आणि कोवळ्या वयात त्यांच्याबरोबर जपानला गेला. तिथे तो चांगलं जपानी बोलायला शिकला आणि सुमारे आठ वर्षं धर्मशिक्षक म्हणून राबला. तेव्हा तो ना फादर होता ना ब्रदर. आजच्या भाषेत प्रापंचिक मिशनरीच.

त्याच काळातली उलट दिशेची गोष्ट आपल्याला साहित्याच्या तासाला शिकवतात. इंग्लंडचे फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले, मराठी शिकले आणि १६१६ साली त्यांचं 'क्रिस्तपुराण' छापून निघालं, सुमारे ११ हजार ओव्यांचं. एक जण मराठी शिकायला इकडे आला, तेव्हा दुसरा मराठी मुलूख सोडून जपानी शिकत बसला होता. आपण अभ्यासक्रमात पहिल्याला ठेवलं. दुसऱ्याच्या नावाचं वसईत कॉलेज आहे, पण आमच्याकडे त्याचं नाव क्वचितच कोणी घेतं.

गोन्सालोच्या आयुष्यात मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती संतचरित्रांत दोन ओळींत उरकलेली गोष्ट. त्याला येशूसंघात जायचं होतं. त्याने विचारलं, आणि त्याला घेतलं नाही. मग त्याने तिथून निघून व्यापार केला, पैसा कमावला, पुढे मनिलाला गेला. तिथे फ्रान्सिस्कनांनी त्याला घेतलं, तेही ब्रदर म्हणून. धर्मगुरू तो कधीच झाला नाही.

ज्याला आपलं सगळं द्यायचं आहे त्याला 'तू नको' म्हणून सांगितलं जातं, आणि तरी त्याचं मन त्या देशावरून उठत नाही. १५९३ साली फ्रान्सिस्कनांना फादर पेद्रो बाउतिस्ता यांच्याबरोबर जपानला दुभाषा हवा होता, तेव्हा हाच कामी आला. तोयोतोमी हिदेयोशीसारख्या सत्ताधीशापुढे बोलायला लागणारी जपानी त्याच्याकडे होती. नाकारलेल्या त्या आठ वर्षांचा एक दिवसही वाया गेला नव्हता. पण मधली वर्षं जगताना त्याला हे माहीत असण्याचं काही कारण नाही.

जाणाऱ्याने आधी स्वतःला विचारायचं ते इथेच: मला तिथे कोणी महत्त्व दिलं नाही तर मी टिकेन का? दुभाषा बोलतो ते शब्द दुसऱ्याचे असतात, आणि काम नीट झालं तर लोकांना तो आठवतही नाही. शिकलेल्या, बोलक्या पोरीला (मी बोलकी आहे, मंडळाला ठाऊक आहे) हे जड जाणार. आम्ही पांढुर्ण्याचे लोक म्हणतो की भाषेचं आम्हाला काय! घरी मराठी, कचेरीत हिंदी, कॉलेजात इंग्रजी. पण या तिन्ही भाषा आम्हाला लहानपणापासून कानावर मिळाल्या. एकविसाव्या वर्षी नवीन देशात मुकं होऊन बसणं, पाच वर्षांच्या पोरानं आपली चूक काढणं आणि आपण हसून ती मान्य करणं ही वेगळी साधना आहे. जपानमध्ये १५७९ साली आलेले येशूसंघाचे निरीक्षक आलेस्सांद्रो वालिन्यानो यांनी नवीन येणाऱ्यांनी आधी भाषा आणि तिथल्या चालीरीती शिकाव्यात असा आग्रह धरला होता. मला ते नम्रतेचं शिक्षणही वाटतं.

दुसरी तयारी समूहात राहण्याची. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव जाम नदीच्या दोन काठांवरून एकमेकांवर दगड फेकतात. गोटमार वर्षातून एकदाच होते. एका घरात राहणाऱ्या पाच मिशनऱ्यांची रोज होऊ शकते: भांडी कोणी घासली नाहीत, फोनवर कोण मोठ्याने बोलतं, प्रार्थनेला कोण उशिरा येतं. ज्यांची सेवा करायची त्यांच्यावर प्रेम करणं त्यामानाने सोपं. सोबतचा माणूस आपण निवडलेला नसतो. म्हणून पुष्कळ संस्था पाठवण्याआधी उमेदवारांना काही आठवडे एकत्र ठेवतात. ही सवय इथेही करता येते. चर्चच्या युवागटात ज्याच्याशी पटत नाही त्याच्याचबरोबर नाताळचा गोठा बांधायला बसावं, आणि त्याला हवा तसा बांधू द्यावा.

रोजच्या प्रार्थनेसाठी मला दोन गोष्टी उपयोगी वाटल्या, दोन्ही संत इग्नेशियसच्या. एक, रात्रीचं आत्मपरीक्षण. दहा-पंधरा मिनिटं, आज देव कुठे भेटला आणि मी कुठे तोंड फिरवलं, एवढंच. दुसरी, त्याची 'आध्यात्मिक साधना'. ती तीसेक दिवस मौनात करायची असते. तेवढी सुटी कोणाला मिळणार? पण इग्नेशियसने त्या पुस्तकातल्या एकोणिसाव्या टिपेत कामधंदा असलेल्यांसाठी वेगळी सोय ठेवली आहे: रोज दीड तास, घरी राहून, मार्गदर्शकाच्या मदतीने, कितीतरी महिने. संत्र्याच्या हंगामात बागेत राबणाऱ्या, दुकान सांभाळणाऱ्या माणसालाही ती जमू शकते. प्रापंचिकासाठी मला हीच पद्धत जास्त बरोबर वाटते, कारण मिशनवरही त्याला मौन मिळणार नाही, कामच मिळेल.

'इथं काय कमी आहे' याचं उत्तरही मला याच साधनेत दिसतं. सौंसरच्या दवाखान्यात अनोळखी पेशंटच्या आईजवळ तासभर नुसतं बसणं मला जमत नसेल, तर परदेशात ते आपोआप जमणार नाही. म्हणजे इथलं काम आणि तिथलं काम यांत निवड करायची नसून, इथलंच काम हे तिकडच्या तयारीचं वर्ष.

गोन्सालोचा शेवट माहीत असेल. १५९६ च्या अखेरीस क्योतोत धरपकड झाली, कान कापले, आणि भर थंडीत महिनाभर चालवत त्या सगळ्यांना नागासाकीला नेलं. ५ फेब्रुवारी १५९७ ला २६ जणांना क्रुसावर मारलं. १८६२ साली ते सगळे संत घोषित झाले. त्यांत सहा फ्रान्सिस्कन होते, तीन येशूसंघीय, आणि उरलेले सतरा प्रापंचिक जपानी: स्वयंपाकी, वैद्य, धर्मशिक्षक, बारा-तेरा वर्षांची पोरंसुद्धा. निघाले तेव्हा ते चोवीसच होते. वाटेत कैद्यांची देखभाल करायला दोघं बरोबर चालत होते, त्यांनाही शिपायांनी धरून रांगेत उभं केलं. त्यांतला एक सुतार होता.